जुन्या साप्ताहिकांतल्या ‘नर्व्हज’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या वाचनालयात जुने अंक चाळत बसलो की शेजारचा कुणीतरी मान वाकडी करून विचारतोच, ‘काय शोधताय?’ मी म्हणतो, ‘नर्व्हज.’ मग पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. दरवेळी तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. क्रम सुचेल तसा आहे.

‘नर्व्हजची भाषा’ म्हणजे नेमकं काय?

१९२० ते १९६० च्या दरम्यानचं कुठलंही इंग्रजी बातम्यांचं साप्ताहिक घ्या. त्यात माणसाच्या मनाला काही झालं की ते मनाला झालं असं सहसा लिहीत नाहीत, नर्व्हजना, म्हणजे मज्जातंतूंना, झालं असं लिहितात. नटीला ‘नर्व्हस ब्रेकडाऊन’ होतो आणि ती विश्रांतीला जाते. मंत्र्याची ऐनवेळी ‘नर्व्ह’ जाते. सेनापतीच्या नर्व्हज पोलादाच्या असतात. शेअरबाजार ‘नर्व्हस’ उघडतो, आणि टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे शहराचं ‘नर्व्ह सेंटर’.

यातली एक गंमत आधी लक्षात घ्या, नाहीतर जुने अंक वाचताना गोंधळ होतो. इंग्रजीत एकवचनी ‘नर्व्ह’ म्हणजे धाडस, कधी आगाऊपणासुद्धा. अनेकवचनी ‘नर्व्हज’ म्हणजे धीर सुटणं. एका ‘ज’ने शूराचा भित्रा होतो.

हे खूळ आलं कुठून?

शब्द जुना आहे. ‘न्यूरोसिस’ हा शब्द एडिंबरोच्या विल्यम कलन या डॉक्टरांनी १७६९ मध्ये घडवला. तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता: ताप नाही, जखम नाही, तरी मज्जासंस्था बिघडली आहे असे आजार. मनाचा त्यात फारसा संबंध नव्हता.

खरी गाडी सुटली ती १८६९ मध्ये. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरस्थेनिया’ हे नाव रुजवलं. अर्थ मज्जातंतूंचा थकवा. थकवा, डोकेदुखी, अपचन, झोप न लागणं, विनाकारण धास्ती, सगळं एका पिशवीत. कल्पना अशी की प्रत्येकाच्या अंगात मज्जाशक्तीचा ठरावीक साठा असतो. तो जपून वापरला नाही तर दिवाळं निघतं. बँकेच्या खात्यासारखंच.

हे लोकांना पटलं, कारण डोळ्यांसमोर तारायंत्र होतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं होतं. सेकंदाला साधारण २७ मीटर. विजेसारखा क्षणात जात असेल या समजुतीच्या मानाने हा वेग फारच कमी निघाला. तरी त्याच सुमारास शहराशहरांत खांब उभे राहत होते आणि शरीरातला तंतू नि खांबावरची तार यांची तुलना जर्मनीतले शरीरशास्त्रज्ञ स्वतःच करू लागले होते. आपल्याकडेही बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ मध्ये सुटली आणि १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनला जोडली गेली. तार तुटते, तार तापते, तारेवर भार पडतो. माणसाचंही तसंच होत असणार, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १८८१ मध्ये बिअर्डनी या थकव्याची पाच मुख्य कारणं दिली: वाफेची शक्ती, तारायंत्र, विज्ञान, स्त्रियांची वाढती बौद्धिक हालचाल आणि नियतकालिकं. होय, नियतकालिकं! म्हणजे ज्या अंकात हा आजार छापून येत होता, तो अंकही आरोपींच्या यादीत होता. पुढच्या शंभर वर्षांत एकाही संपादकाने ही यादी मुखपृष्ठावर छापलेली माझ्या पाहण्यात नाही.

न्यूरस्थेनियाचं पुढे काय झालं?

अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या आपल्या निदानसूचीतून तो काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो दहाव्या आवृत्तीपर्यंत होता, अकराव्यात गेला. चीन आणि जपानमध्ये मात्र तो बराच काळ टिकला, कारण ‘मला मनाचा आजार आहे’ असं सांगण्यापेक्षा ‘माझे तंतू थकलेत’ हे सांगणं तिथेही सोपं होतं.

साप्ताहिकांना हा शब्द इतका का आवडला?

‘टाइम’ या अमेरिकन बातम्यांच्या साप्ताहिकाचा पहिला अंक ३ मार्च १९२३ चा. आठवड्याभराचं जग धावत्या वाचकाला तासाभरात वाचून व्हावं, अशी मांडणी. वाक्यं आखूड, विशेषणं ठसठशीत, माणसाचं वर्णन दोन शब्दांत. अशा गद्याला ‘चिंतेच्या विकाराने ग्रस्त’ परवडत नाही. ‘नर्व्हस’ परवडतं. शिवाय त्यात वैद्यकाचं वेगळं सदर होतं, त्यामुळे सदरातला शब्द राजकारणाच्या पानावर जायला एक पान उलटण्याचाच अवकाश.

दुसरं कारण अब्रूचं. एखाद्या मोठ्या माणसाला वेड लागलं असं छापलं तर खटला होईल. तो भित्रा आहे असं छापलं तरी होईल. त्याचे मज्जातंतू थकलेत असं छापलं तर वाचक हळहळतो. दोष तंतूंचा, माणसाचा नाही. मी इतकी वर्षं हे अंक वाचून एकच गोष्ट ठामपणे सांगू शकतो: ‘नर्व्हज’ हा पडदा होता, आणि तो कुणासाठी ओढायचा हे माणसाच्या पगारावरून ठरत होतं.

‘नर्व्हस ब्रेकडाऊन’ हा कुठला आजार?

कुठलाच नाही. डॉक्टरांच्या सूचीत हा शब्द रोग म्हणून नव्हता. तो वर्तमानपत्रांचा, कुटुंबाचा आणि नोकरीवर रजेचा अर्ज करणाऱ्यांचा शब्द. त्यात नैराश्य बसतं, दारू बसते, भ्रम बसतात, कधी कधी निव्वळ कंटाळाही बसतो.

दोन उदाहरणं बघा. अमेरिकेचे पहिले संरक्षणमंत्री जेम्स फॉरेस्टल १९४९ मध्ये तीव्र नैराश्याने नौदलाच्या रुग्णालयात होते, पण बाहेर कामाच्या थकव्याची भाषा वापरली गेली. त्याच वर्षी २२ मे रोजी रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरून पडून ते गेले. १९७२ मध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगल्टन यांनी कबूल केलं की आपण तीनदा रुग्णालयात होतो. कारण सांगितलं ते ‘नर्व्हस एक्झॉशन’, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा. पत्रकारांनी खोदलं तेव्हा विजेचे झटके दिले होते हे बाहेर आलं, आणि अठरा दिवसांत उमेदवारी गेली. पडदा फाटला की त्यामागचा माणूस कुणाला चालत नाही, हे त्या अठरा दिवसांच्या बातम्यांत ओळीओळीने दिसतं.

युद्धाच्या काळात या शब्दाचं काय झालं?

इथे तो खऱ्या अर्थाने कोर्टात उभा राहिला. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द छापील वैद्यकात आणला. सुरुवातीला समजूत अशी की तोफगोळा जवळ फुटल्याने मेंदूला आणि तंतूंना हादरा बसतो. मग लक्षात आलं की गोळ्यापासून मैलभर लांब असलेले शिपाईही थरथरतायत, मुके होतायत. १९१७ मध्ये ब्रिटिश लष्कराने या शब्दाच्या वापरावरच निर्बंध घातले.

तेव्हाही पगारपत्रक चालूच. अधिकाऱ्याला बहुधा ‘न्यूरस्थेनिया’ व्हायचा, शिपायाला ‘हिस्टेरिया’. लक्षणांत थोडा फरक असेलही, पण नावांतला फरक हुद्द्याचा होता.

ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत अमेरिकन सेनापती जनरल पॅटन इस्पितळाच्या तंबूत गेले. एक शिपाई कुडकुडत बसला होता. काय झालंय विचारल्यावर तो म्हणाला, नर्व्हज आहेत साहेब. पॅटननी त्याला भित्रा म्हणून शिव्या घातल्या आणि थोबाडीत मारली. असा प्रकार त्यांनी आठवड्याभरात दोनदा केला. बातमी नोव्हेंबरमध्ये फुटली आणि अमेरिकेत गदारोळ उडाला. सबंध वाद एका शब्दाचाच: नर्व्हज हे दुखणं आहे की निमित्त?

१९३९ च्या आसपास ‘वॉर ऑफ नर्व्हज’ हा शब्दप्रयोग इंग्रजी पत्रांत बोकाळला. गोळी न झाडता समोरच्याला धास्तीने खिळखिळा करायचं, असं युद्ध. बंगालीत आजही शीतयुद्धाला ‘स्नायुयुद्ध’ म्हणतात. मराठी माणसाने हे ऐकलं तर त्याच्या डोळ्यांपुढे तालमीतले पैलवान येतील.

का? स्नायू म्हणजे मसल ना?

मराठीत हो. बंगाली आणि हिंदीत ‘स्नायु’ म्हणजे नर्व्ह. आयुर्वेदातला ‘स्नायु’ तर तिसराच, सांधे बांधून ठेवणारे तंतू. त्यामुळे हिंदीवरून मराठीत घाईघाईने केलेल्या जुन्या जाहिरातीत ‘स्नायुदौर्बल्य’ दिसलं की थांबून विचार करा. तिथे दंड बारीक झाल्याची तक्रार नाही, झोप उडाल्याची आहे.

मग मराठीत नर्व्हला काय म्हणत?

पुस्तकी शब्द ‘मज्जातंतू’. कधी ‘ज्ञानतंतू’. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत ‘चेतासंस्था’ आणि ‘चेतापेशी’. बोलीत ‘शीर’ किंवा ‘नस’, आणि त्यात रक्तवाहिनी, कंडरा, तंतू सगळंच आलं. मानेची नस आखडते, डोक्याची शीर उठते. शरीरशास्त्राच्या परीक्षेत नापास होण्याची हमी, पण घरात कुणाचं अडत नाही.

महत्त्वाचं पुढे आहे. मराठीत भीती तंतूंत राहत नाही. ती पोटात राहते: पोटात गोळा येतो, पोटात खड्डा पडतो. काळजात राहते: काळजाचा ठोका चुकतो. छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, अंगाचं पाणी पाणी होतं, धाबं दणाणतं, तोंडचं पाणी पळतं. मुंबईच्या नाक्यावर टरकते, तंतरते, आणि तिसरं क्रियापद इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. या सबंध यादीत एकही मज्जातंतू नाही. आमच्या आजीला जे व्हायचं ते ‘जीव घाबरा होणं’. पदराने वारा घालायचा, खडीसाखर द्यायची, झालं. तिला तंतू होते हे तिला कुणी सांगितलं नाही.

म्हणून इंग्रजी साप्ताहिकातला मजकूर मराठीत आणणाऱ्याची पंचाईत व्हायची. बाजार ‘नर्व्हस’ आहे याचं दलाल स्ट्रीटच्या बातमीदाराने केलेलं मराठी ‘बाजार धास्तावला’ किंवा ‘बाजाराने कच खाल्ली’. १९२९ च्या सुमारास अमेरिकेत ‘जिटर्स’ हा शब्द रुळला. त्याला आपली ‘धाकधूक’ तंतोतंत बसते, किंबहुना मूळ शब्दापेक्षा चांगली, कारण तिच्यात छातीचे ठोकेच ऐकू येतात.

मराठी मासिकांत नर्व्हज अजिबात नव्हत्या का?

होत्या, पण मजकुरात कमी आणि जाहिरातींत जास्त. मुंबईत १८९५ पासून निघणारं ‘मनोरंजन’, पुढे १९२० पासूनचं ‘किर्लोस्कर’, १९३० पासूनचं ‘स्त्री’. अशा अंकांत मागची पानं आधी बघा, असं मी सगळ्यांना सांगतो. पुढच्या पानांवर समाज कसा असावा ते असतं, मागच्या पानांवर तो कसा झोपत नव्हता ते.

बाहेरून येणारी टॉनिकं होती. फॉस्फरीन आणि सॅनाटोजेन मज्जातंतूंना बळ देण्याच्या गोष्टी करत. हॉर्लिक्सने १९३० च्या दशकात ‘रात्रीची उपासमार’ नावाचा एक आजारच बाजारात आणला: झोपेत शरीर उपाशी राहतं म्हणून सकाळी थकवा येतो, आणि औषध अर्थातच त्याच डब्यात. ओकासाच्या जर्मन गोळ्या होत्या. काळबादेवीला शाखा असलेल्या जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या होत्या. देशी जाहिरातींत तंतूंच्या शेजारी ‘धातू’ येऊन बसतो. मज्जातंतूंची दुर्बलता आणि धातुक्षय ही जोडगोळी एकाच वाक्यात. बिअर्डच्या खात्यातला ठरावीक साठा आणि आपल्याकडचा वीर्यसाठा, दोन्ही हिशेब एकाच चोपडीत मांडले गेले.

याविरुद्ध मुंबईतूनच एक माणूस बोलत होता. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. हस्तमैथुनाने तंतू झिजतात ही भीती निराधार आहे, असं ते घाबरलेल्या वाचकांना स्पष्ट शब्दांत सांगत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. भीती विकणाऱ्या जाहिराती मात्र सुखेनैव चालू राहिल्या, त्या १९५४ पर्यंत. त्या वर्षी औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आला, आणि ज्या रोगांवर जाहिरात करायला बंदी झाली त्यांच्या यादीत मज्जादौर्बल्यही होतं. त्यानंतरही लोकलच्या रुळांकडेच्या भिंती वाचल्यात का कधी? कायदा भिंतीपर्यंत पोचला नाही.

गोऱ्या साहेबाच्या नर्व्हज आणि गिरगावातल्या कारकुनाच्या नर्व्हज सारख्याच होत्या का?

तत्कालीन डॉक्टरांच्या मते नाही. बिअर्डच्या हिशेबाने हा सुधारलेल्या, डोक्याने काम करणाऱ्या माणसाचा आजार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘ट्रॉपिकल न्यूरस्थेनिया’ असं नाव निघालं: उष्ण प्रदेशातल्या उन्हाने गोऱ्या माणसाचे तंतू उसवतात. उपाय थंड हवा. मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचं आणि १९०७ मध्ये माथेरानला छोटी गाडी लागल्यावर तिथली वाटही सोपी झाली.

कारकून त्याच उन्हात, त्याच कचेरीत, जास्त तास बसायचा आणि चाळीत एका खोलीत सातजणांत झोपायचा. पण त्याला ‘अशक्तपणा’ व्हायचा. मग टॉनिकवाल्यांनी साहेबाचा आजार बाटलीत भरून त्याला हप्त्याने विकला. मला यात थोडं हसू येतं आणि थोडा रागही. पण त्या कारकुनाच्या बाजूने एक म्हणायला हवं: दुखतंय हे सांगायला त्याला प्रथमच एक प्रतिष्ठित नाव मिळालं.

आणि बायकांच्या?

बायकांसाठी ‘हिस्टेरिया’ होता. हा शब्दच ग्रीकमधल्या गर्भाशयावरून आलेला. अमेरिकेत वीर मिचेल या डॉक्टरांची विश्रांती-चिकित्सा प्रसिद्ध होती: खाटेवर पडून राहा, दूध प्या, वाचू नका, लिहू नका. आपल्याकडे मराठी घरांत ‘हिला हिस्टेरिया आहे’ हे वाक्य अगदी परवापर्यंत ऐकू यायचं, आणि ते बोलणारी व्यक्ती बहुधा तिची सासू असायची, डॉक्टर नव्हे.

मराठीत ‘नर्व्हस’चा अर्थ वेगळा कसा झाला?

हा माझा लाडका प्रश्न. इंग्रजीत नर्व्हस म्हणजे पुढे काय होईल या धास्तीत असलेला. मराठीत ‘तो जरा नर्व्हस आहे’ म्हटलं तर तो बऱ्याचदा हिरमुसलेला असतो. निकाल लागून गेलाय, गुण कमी पडलेत, आता धास्ती कसली? पण तो नर्व्हस आहे. क्रिकेटमधल्या ‘नर्व्हस नाइंटीज’मध्ये फलंदाज शतकाआधी नर्व्हस असतो. आपला मराठी माणूस ९९ वर बाद झाल्यानंतर नर्व्हस होतो.

माझा अंदाज असा: धास्तीसाठी आपल्याकडे पोटापासून पायापर्यंत भरपूर शब्द होते. उदास झालेल्या तरुण माणसाविषयी हलक्या आवाजात बोलायला मात्र ‘खिन्न’ फार पुस्तकी आणि ‘तोंड पाडून बसलाय’ फार टोचणारं. ती रिकामी जागा ‘नर्व्हस’ने भरली.

शांतवणाऱ्या गोळ्यांचा यात काय भाग?

मोठा, आणि त्यात मुंबईही आहे. केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयविकार नियतकालिकात सर्पगंधेवरचा अभ्यास छापला. विषय रक्तदाबाचा. मग १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ नेथन क्लाईन यांनी ते मनोरुग्णांवर वापरलं. १९५७ च्या लास्कर पुरस्कारांत वकील आणि क्लाईन दोघांचीही नावं होती. आपल्याकडे जिचा काढा वेडावर देत आले ती वनस्पती परदेशी साप्ताहिकांत ‘चमत्कारिक औषध’ होऊन परतली.

१९५५ मध्ये मिलटाऊन, १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम. गोळी आली आणि नर्व्हजचं काव्य संपलं. महाबळेश्वरला न जाता पाण्याबरोबर घ्यायचं औषध मिळालं की आजाराचं नाव ठेवायचा मान औषध कंपनीकडे जातो. तेव्हापासून अंकांत ‘अँग्झायटी’ वाढलेली दिसते. ‘टाइम’ने मार्च १९६१ मध्ये ती थेट मुखपृष्ठावर घेतली.

मग नर्व्हज गेल्या कुठे?

कॅनडातले संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणावरचं पहिलं टिपण प्रसिद्ध केलं. त्यातून निघालेला ‘स्ट्रेस’ जून १९८३ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होता. मुंबईत मात्र स्ट्रेस कचेरीतल्या माणसांना आणि टेन्शन सगळ्यांना. टेन्शन घेता येतं, देता येतं, नको असेल तर परत करता येतं. इतका सोयीचा शब्द बिअर्डना सुचला नाही.

जुन्या अंकात ‘नर्व्हस ब्रेकडाऊन’ वाचलं तर आजचं निदान काय समजायचं?

समजू नका. ते लिहिणाऱ्याकडे केसपेपर नव्हता, तुमच्याकडेही नाही. शब्द कुणी वापरला तेवढं बघा: कुटुंबाने, प्रवक्त्याने की बातमीदाराने. तिथे बहुतेक उत्तर सापडतं.

मुंबईत हे अंक कुठे पाहायला मिळतील?

टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीत, धोबीतलावच्या पीपल्स फ्री रीडिंग रूममध्ये, काळा घोड्याच्या डेव्हिड ससूनमध्ये आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा. ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे बांधीव खंड मिळाले तर सोडू नका. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची साप्ताहिक आवृत्ती म्हणून १८८० मध्ये सुरू झालेलं हे प्रकाशन १९९३ मध्ये बंद पडलं, म्हणजे तारायंत्रापासून टेन्शनपर्यंतचा सगळा प्रवास त्यात आहे. फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याच्या फुटपाथवर सुटे अंक मिळतात. घेताना मागची पानं आहेत ना तेवढं तपासा. पूर्वी बांधणी करताना जाहिरातींची पानं बिनकामाची म्हणून फाडून टाकत.